धरलं कुणी होतं?

लोण्याला त्याचं खरं नाव विचारलं असतं तर तोसुद्धा घटकाभर अडखळला असता. थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, त्याला लहानपणीच लोण्या करून टाकला होता, कारण तो कशानेही विरघळायचा. कुणी खेकसलं की विरघळायचा, कुणी गोड बोललं की विरघळायचा, आणि कुत्र्याचं पिल्लू दिसलं की मग तर विचारूच नका. आता चाळिशी उलटली, टाळू दिसायला लागली, तरी भंगाराच्या त्या अख्ख्या गोदामात वजन करणाऱ्या काटेवाल्यापासून ट्रक ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी लोण्याच.

ताई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कशी पदराने तोंड पुसणारी बाई येते. ही ताई तसली नव्हती. गोदाम तिचं होतं. बाप गेल्यावर चार जणांनी ते घशात घालायला बघितलं आणि चौघांनाही तिने पळवून लावलं होतं. ट्रकची चासी ती स्वतः गॅस कटरने कापायची. माल चोरीचा आहे असा नुसता वास आला तरी आणणाऱ्याच्या कानाखाली जाळ काढायची. आई लवकर गेली, तेव्हा लोण्याला लहानाचं मोठं तिनेच केलं. न्हाऊ घातलं तिने, जेवू घातलं तिने, बदडलंही तिनेच. त्याचा डावा हात कोपरात वाकडा आहे तो तिच्या एका फटक्यामुळे. त्याबद्दल त्याने कधी ब्र काढला नाही. तीही कधी बोलली नाही, फक्त कधीकधी जेवताना त्या कोपराकडे नजर गेली की न विचारता त्याच्या ताटात आणखी वाढायची.

गोदामावर चोरी झाली आणि सगळं बिनसलं. सकाळी फाटक उघडलं तर राखणीच्या जोडीतली कुत्री आडवी पडलेली, तोंडाला फेस. कुणीतरी मांसातून विष घातलं होतं. नर कुत्रा, ज्याला सगळे दांडगा म्हणायचे, त्याने मांसाला तोंड लावलं नव्हतं. तो भिडला होता. कवटी फुटेपर्यंत भिडला असणार, कारण त्याच्या जबड्यात पँटचा एक तुकडा घट्ट होता आणि जमिनीवर रक्ताचा माग थेट भिंतीपर्यंत गेला होता. तांब्याची वायर होती तेवढी सगळी गेली होती.

ताईने दोघांसाठी खड्डा एकटीने खणला. लोण्या फावडं घ्यायला पुढे झाला तर तिने त्याला कोपराने ढकलून दिलं. दांडग्याला खाली ठेवताना तिच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, आणि तो कुणी ऐकला नाही ना हे बघायला तिने मान वळवली. लोण्याने लगेच दुसरीकडे बघितलं. मग हात झटकून ती म्हणाली, "पिल्लं बाहेर काढ. आजपासून त्यांना गोणपाट."

या जोडीची पिल्लं तीन होती, चार महिन्यांची. लोण्याच्या खोलीत कोंडलेली होती म्हणून वाचली. ती नेमकी दात पडायच्या वयात होती. लोण्याला कुठेही दात सापडायचे, तांदळाच्या दाण्याएवढे. चपलेत, पाण्याच्या भांड्यात, पांघरुणाच्या घडीत. हिरड्या सुजलेल्या, तोंडाला वास, दिसेल त्यात दात रोवायची घाई. त्याच्या खाटेचा पाय त्यांनी कुरतडून निम्मा केला होता. त्यातलं सगळ्यात लहान पिल्लू म्हणजे टोच्या. पुढचे चिमुकले दात पडले होते, पण चारही सुळे अजून जागेवर होते, सुईसारखे, आणि बोट दिसलं की ते टोचलेच म्हणून समजा. लोण्या फडकं भिजवून बर्फात ठेवायचा आणि त्याला चघळायला द्यायचा. टोच्याला फडकं नको असायचं, त्याला लोण्याचा अंगठा हवा असायचा. तो अंगठ्याचं पेर दाढेत धरायचा, डोळे मिटायचा आणि तसाच झोपून जायचा. हात बधिर झाला तरी लोण्या हलायचा नाही. कुणी आपल्यावर एवढा विसंबलाय ही गोष्ट त्याच्या आयुष्यात नवीनच होती.

आता गोणपाटाचं सांगतो. ताईची रीत अशी की माल उचलायच्या साखळीला गोणपाट बांधायचं, पिल्लाला चेव आणून ते पकडायला लावायचं आणि साखळी वर ओढायची. पिल्लू हवेत लोंबकळतं, पण सोडत नाही. असं लोंबकळलेलं कुत्रं पुढे माणसाला धरलं की सोडत नाही. दांडगा असाच तयार झाला होता. पण तो पक्के दात आल्यावर. ही पिल्लं गोणपाट पकडायची, साखळी जरा वर गेली की किंचाळून सोडायची आणि धप्पकन खाली पडायची. गोणपाटावर रक्ताचे ठिपके उमटायचे.

"शेळ्या आहेत शेळ्या!" ताई एकेकाला लाथ घालायची. "आईबापाचं नाव घालवलं."

"ताई, दात दुखतात गं त्यांचे," लोण्या म्हणाला. "अजून दोन-तीन महिने जाऊ देत. पक्के आले की लोंबकळतील."

"आणि तोपर्यंत चोरांना काय चहा पाजू? गोदाम बघून गेलेत ते. कुत्रं नाही हे त्यांना ठाऊक आहे. परत येतील ते, आणि या खेपेला तुझी कवटी फोडतील, मग कळेल दोन महिने म्हणजे काय ते."

यात खोटं काही नव्हतं. 

मग ताईला ती अवदसा आठवली. जेवताना ती एकदम घास हातात धरून थांबली आणि लोण्याच्या तोंडाकडे बघत बसली. "तुझे दात मी कसे काढले होते, आठवतंय? दोरा बांधायचा, दुसरं टोक दाराच्या कडीला, आणि दार धाडकन लावायचं. थोड्याच दिवसांत नवीन दात हजर. बघ, आजपण बत्तिशी कशी शाबूत आहे. माझा हात लागला म्हणून."

"पण माझे हलत होते, ताई."

"दुधाचे दात वाट अडवून बसतात. ते काढले की पक्के झरझर येतात. साधी गोष्ट आहे. उद्या काढू. मी काढते, तू धर."

"सुळे हलत नाहीयेत गं अजून. मी बघितलंय बोट घालून. ते एकदम घट्ट…"

थप्पड एवढ्या सहज आली की ताईच्या दुसऱ्या हातातला घास पडलासुद्धा नाही. "मी तुला वाढवलंय," ती म्हणाली. "तू मला शिकवू नकोस."

दुसऱ्या दिवशी कामगार जेवायला गेल्यावर शेडमध्ये लाकडी पेटीवर पोतं अंथरलं गेलं. ताईने पक्कड उकळत्या पाण्यातून काढली होती, म्हणजे आपण सगळं नीट करतोय अशी तिची खात्रीच होती. पहिल्या पिल्लाला लोण्याने छातीशी दाबलं आणि दोन्ही हातांनी त्याचा जबडा फाकून धरला. पक्कड सुळ्यावर बसली. ताईने ओढलं. दात आला नाही, पिल्लाचं डोकंच आलं. ताईने पिळलं. कडकन आवाज झाला आणि पिल्लाने जो टाहो फोडला तो माणसाच्या पोरासारखा होता. सुळा मधेच मोडला होता. मूळ आतच राहिलं होतं, बाहेर दिसतो त्याहून लांब. रक्त लोण्याच्या मनगटावरून बाहीत गेलं.

"धर ना नीट! हलवतोयस तू!"

"ताई, पुरे."

"चारही काढायचे. अर्धवट ठेवलं तर वाकडे येतील."

दुसऱ्या पिल्लाने लोण्याच्या हातावर मुतलं आणि मग ते ओरडायचंही थांबलं, नुसतं थरथरत राहिलं. त्याच्या हिरडीचा एक लचका दाताबरोबर आला. ताईच्या कपाळावर घाम होता, तोंडावर रक्ताचे शिंतोडे होते, आणि ती पुटपुटत होती, "झालं, झालं रे राजा, आता मोठा होशील." हीच वाक्यं ती लोण्याला दाराच्या कडीशी म्हणायची.

टोच्याला पकडून आणायचीही गरज पडली नाही. दोघं भावंडं कोपऱ्यात विव्हळत होती, रक्ताचा वास सुटला होता, तो घाबरून कानच काय, सगळं अंग पाडून बसला होता. आणि घाबरल्यावर त्याला एकच जागा माहीत होती. तो पळत आला आणि लोण्याच्या मांडीत शिरला. त्याने लोण्याचा अंगठा तोंडात घेतला.

इथे, बाबांनो, इथे लोण्याने नाही म्हणायचं होतं. एवढं एकदाच. उठायचं, पिल्लू बंडीत घालायचं आणि फाटकाबाहेर चालू पडायचं. ताईने फार तर दुसरं कोपर मोडलं असतं. हे सगळं त्याच्या मनात आलं, अगदी स्पष्ट आलं. "नाही" हा शब्द जिभेवर येऊन बसला होता. ताईने वर बघितलं, नुसतं बघितलं, आणि त्या जिभेला जन्माची सवय होती ती मागे फिरायची. त्याने अंगठा हळूच टोच्याच्या दाढेतून काढून घेतला आणि त्याच हाताने त्याचा जबडा फाकला.

टोच्या पहिल्यांदा ओरडलाही नाही. पक्कड तोंडात असताना तो मान वर करून लोण्याकडे बघत होता. सुळा कडकन मोडला तेव्हा कुठे तो ओरडला, आणि तेव्हाही त्याची नजर लोण्यावरच होती, ताईवर नव्हती.

पहिलं पिल्लू आठवडाभरात गेलं. जबडा सुजून डोळा बंद झाला, पू नाकातून यायला लागला. दुसरं फाटकाखालच्या फटीतून जे पळालं ते परत दिसलं नाही. टोच्याही अन्न टाकून बसला, तेव्हा लोण्याने त्याला पोत्यात गुंडाळलं, ताईला बँकेत काम आहे अशी थाप मारली आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईकडे गेला.

बाईंनी पिल्लाला भूल दिली आणि तोंड उघडलं. आत राहिलेले तुकडे एकेक काढून त्यांनी पत्र्याच्या वाटीत टाकले. "पक्का दात दुधाच्या दाताच्या मुळाशीच तयार होत असतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही वरचा उपटताना खालचाही चिरडलात. आता येतील तसे येतील." मग त्यांनी हातमोजे काढले. लोण्याला वाटलं, आता विचारतील कुणी केलं हे. ताईचं नाव घ्यायचं की नाही हे तो ठरवत होता.

त्यांनी विचारलं, "धरलं कुणी होतं?"

"मी," लोण्या म्हणाला.

"हं. ओढणाऱ्याला कुत्रं विसरेल एखाद्या वेळी. धरणाऱ्याचा वास नाही विसरायचं." असं म्हणून त्या औषधं बांधायला वळल्या.

टोच्या जगला. वाढलाही, बापासारखा रुंद छातीचा. पक्के दात आले, पण काय आले! खालचा एक सुळा आलाच नाही, दुसरा आडवा येऊन वरच्या ओठाला टोचत राहायचा, वरच्यांपैकी एक पिवळा, खडबडीत, झिजलेल्या खडूसारखा. तोंड मिटलं की दुखायचं, म्हणून तो कायम अर्धवट उघडं ठेवायचा आणि लाळ गळायची. ट्रकच्या जुन्या आसाला त्याला साखळीने बांधलेलं असायचं. ताईने लांबून फेकलेलं तो खायचा. काटेवाल्याने फेकलेलं खायचा. लोण्याने टाकलेल्या अन्नाकडे मात्र ढुंकून बघायचा नाही, मग दिवसभर उपाशी का राहायला लागेना.

लोण्या रोज साखळी जिथे संपते तिथे जाऊन बसायचा. बोलायचा. काय बोलायचा ते सांगण्यासारखं नाही, माणूस चुकल्यावर जे बोलतो तेच. टोच्याने आपल्या हातून एकदा, फक्त एकदा काहीतरी खावं, याखेरीज त्याला जगात काही नको होतं. कामगार हसायचे. "लोण्या, बायको रुसलीये का रे?" म्हणायचे. तोही हसायचा आणि उद्या परत जाऊन बसायचा.

चोर परत आलेच. दिवसाढवळ्या, सुट्टी होती, गोदाम बंद होतं. एक जण भिंतीवरून उतरला, हातात दांडकं होतं. दांडकं बघून टोच्या शेपूट घालून ट्रकच्या केबिनखाली शिरला आणि मुतला. ताई कटरची पेटती ज्योत घेऊन धावली तेव्हा तो माणूस पळाला. पळता पळता फेकलेली वीट ताईच्या कानाला लागली आणि कान फाटला. दोन दिवसांनी काटेवाला साखळीत गुंतलेला टोच्याचा पाय सोडवायला गेला, गरीब माणूस, कुत्र्यांचं मनापासून करणारा. टोच्याने त्याचं मनगट धरलं. हाड दिसलं.

ताईने काटेवाल्याला टॅक्सीत घालून दवाखान्यात पाठवलं, कामगारांना घरी पिटाळलं आणि कोपऱ्यातली पहार उचलली. कानावर पट्टी, डोळे तांबारलेले. "चोराला बघून मुततंय आणि घरच्यांना फाडतंय. कशाला ठेवायचं हे? बाजूला हो."

लोण्या साखळीच्या तोंडाशी उभा राहिला. "ताई, तो हाताला घाबरतो गं. चावत नाही, घाबरतो."

"माझ्याच्याने बघवत नाही ते तोंड! कळतंय का तुला?" ताई ओरडली आणि तिचा आवाज मधेच चिरकला. "रोज ते लाळगळं तोंड बघायचं आणि… बाजूला हो म्हणते ना!"

तेव्हा लोण्याला पहिल्यांदा समजलं की तिलाही सगळं कळून चुकलंय. पण पहार काही खाली आली नव्हती.

"त्याने माझ्या हातून खाल्लं तर?" तो म्हणाला. "तर ठेवशील?"

"तुझ्या हातून? तुझ्या सावलीला उभा राहत नाही तो."

"खाल्लं तर ठेवशील का, तेवढं सांग."

"ठेवीन. आणि नाही खाल्लं तर गुमान निघून जायचं. मधे कडमडायचं नाही."

"नाही कडमडणार."

त्याने घरातून उकडलेली कलेजी आणली. उजव्या हाताच्या तळव्यावर तुकडा ठेवला आणि तो साखळीच्या आत गेला. एवढ्या महिन्यांत तो पहिल्यांदाच आत गेला होता. गुडघ्यांवर बसला. ताई पहार धरून मागे, दोन पावलांवर.

टोच्या केबिनखालून पोटावर सरकत बाहेर आला. घशात घरघर, पण पोटही खपाटीला गेलेलं. कलेजीचा वास त्याला पुढे ओढत होता. तो अगदी जवळ आला, नाक तळव्याला लागलं, गरम श्वास लोण्याच्या मनगटावर आला. त्याने तुकडा हुंगला. मग तुकड्याखालचा हात हुंगला. बोटांच्या पेरांपासून अंगठ्यापर्यंत हुंगला, आणि त्याच्या मानेवरचे केस ताठ उभे राहिले.

"हो रे," लोण्या म्हणाला. "मीच तो."

टोच्याने कलेजी आणि हात एकदमच घेतला. घशातून तुकडा खाली गेलेला लोण्याने डोळ्यांनी पाहिला, आणि त्याच वेळी तो आडवा सुळा तळव्यातून आरपार गेला. अंगठ्याचं हाड मोडल्याचा आवाज ताईपर्यंत आला. टोच्याने मान झटकली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. रक्त दोघांच्याही तोंडावर उडालं. लोण्याने हात ओढला नाही. ओठ दातांखाली धरून त्याने तो तसाच आत राहू दिला.

ताई पहार उगारून धावली.

"थांब!"

हा आवाज ताईने उभ्या जन्मात ऐकला नव्हता. ती खरंच थांबली.

"खाल्लं त्याने," लोण्या म्हणाला. सगळं अंग थडथड उडत होतं, शब्द तुटत होते. "कलेजी पोटात गेली. मी बघितली. तू शब्द दिलायस."

"अरे गाढवा, हात चाललाय तुझा!"

"जाऊ दे."

"हो बाजूला! एका घावात सोडवते तुला!" तिने पहार वर नेली आणि लोण्या टोच्याच्या अंगावर आडवा झाला, छातीखाली घेतला त्याला. पहार हवेतच अडकली. मारायचं म्हटलं तर आता भावाच्याच पाठीत बसणार होती.

"मार," लोण्या खालून म्हणाला. "पण मी उठणार नाही. मी नाही म्हणतोय, ताई. ऐकू येतंय ना? नाही."

ताईच्या हातातून पहार सुटली आणि दणकन जमिनीवर पडली. ती तिथेच मटकन खाली बसली आणि पट्टी बांधलेलं डोकं दोन्ही हातांत धरून रडायला लागली, लहान पोर रडतं तशी, हंबरडा फोडून. "ठेवते," ती म्हणत होती. "ठेवते रे बाबा, ठेवते, पण हात काढ तुझा, तुझ्या पाया पडते, हात काढ."

"तू जवळ येऊ नकोस," लोण्या म्हणाला. "मी नाही काढायचा. त्याने सोडायचा."

टोच्याचा जबडा घट्टच होता. लोण्याच्या छातीखाली ते सगळं धूड थरथरत होतं, पिल्लू असताना थरथरायचं तसंच. लोण्याने दुसरा हात त्याला लावला नाही. त्याने नुसतं तोंड त्याच्या कानाशी नेलं आणि हळू आवाजात बोलत राहिला, टोच्या सोडेपर्यंत.